‘ऑम्फलॉस’ या शब्दाचा अर्थ, त्याचे मूळ आणि मराठी पर्याय

प्रश्न असा आहे की, नाशिकची ओळख करून देणाऱ्या एका इंग्रजी मजकुरात रामकुंडाला पंचवटीचा ‘ऑम्फलॉस’ म्हटलेले आहे. त्या मजकुराचा मराठी अनुवाद करायचा असून, या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून आणि ‘केंद्र’ एवढे लिहून भागेल का, हे प्रश्नकर्त्याला जाणून घ्यायचे आहे. सोबत एक शंकाही जोडली आहे : हा शब्द ‘ॐ’ आणि ‘फल’ मिळून झाला आहे असे त्यांना कुणी सांगितले, त्यात तथ्य आहे का. अनुवाद आणि कोशकाम हा माझा नाशिकमधला नित्याचा व्यवसाय आहे, आणि या एका शब्दाच्या निमित्ताने आपल्या रोजच्या वापरातल्या बऱ्याच शब्दांचे नाते उलगडते. म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

आधी अर्थ. ‘ऑम्फलॉस’ हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा पहिला अर्थ बेंबी असा आहे. ढालीच्या मध्यभागी बाहेर आलेला जो धातूचा फुगवटा असतो त्यालाही ग्रीक भाषेत हेच नाव होते. ग्रीक महाकवी होमरच्या ‘इलियड’मध्ये अशा ढालींसाठी याच शब्दापासून बनलेले विशेषण वारंवार येते. त्याच्याच ‘ओडिसी’च्या आरंभी कॅलिप्सो या अप्सरेचे बेट समुद्राच्या ‘ऑम्फलॉस’वर आहे असे म्हटले आहे, म्हणजे बेंबीवरून मध्यस्थान हा अर्थ त्या भाषेत फार जुना आहे. इंग्रजीने हा शब्द उचलला तो मुख्यतः या शेवटच्या अर्थाने, आणि तो उचलताना डोळ्यांसमोर होती डेल्फीची शिळा.

डेल्फी हे ग्रीसमधले अपोलो देवाचे स्थान. तिथल्या कथेप्रमाणे पृथ्वीचा मध्य शोधण्यासाठी देवांचा राजा झ्यूस याने तिच्या दोन टोकांकडून दोन गरुड सोडले आणि ते उडत येऊन जिथे एकमेकांना भेटले ती जागा म्हणजे डेल्फी. त्या जागेची खूण म्हणून मंदिरात एक शिळा होती आणि तिलाच ‘ऑम्फलॉस’ म्हणत. इसवी सनाच्या 2ऱ्या शतकात ग्रीसभर फिरून वर्णन लिहिणाऱ्या पॉसेनियसने ती पांढऱ्या संगमरवराची असल्याचे आणि डेल्फीचे लोक तिला साऱ्या पृथ्वीचा मध्य मानत असल्याचे नोंदवले आहे. आज डेल्फीच्या संग्रहालयात जी शिळा आहे ती अंड्यासारख्या आकाराची असून तिच्या अंगावर लोकरीच्या फितींची विणलेली जाळी दगडातच कोरलेली आहे. मूळ शिळेवर खऱ्या फिती चढवीत असत, त्याचीच ती दगडी नक्कल आहे. याच डेल्फीत आणखी एक दगड होता, झ्यूसचा बाप क्रोनस याने आपले मूल समजून गिळलेला आणि नंतर बाहेर टाकलेला. त्याला रोज तेल लावत असत. पुष्कळ इंग्रजी लेखांत या दोन दगडांची सरमिसळ झालेली आढळते. पॉसेनियसने ते वेगवेगळ्या ठिकाणी वर्णिले आहेत, त्यामुळे अनुवादकानेही ते वेगळेच ठेवावेत.

डेल्फीच्या या दाव्यावर खुद्द ग्रीकांचाही एकमुखी विश्वास नव्हता. प्लुटार्क हा स्वतः डेल्फीचा पुजारी. त्याने गरुडांची कथा सांगतानाच एपिमेनिडीस नावाच्या जुन्या द्रष्ट्याचे मत दिले आहे की, जमिनीला किंवा समुद्राला मध्यबेंबी अशी काही नाहीच, आणि असलीच तर ती देवांना ठाऊक, माणसांपासून ती लपलेली आहे. या शब्दाचा गाभा मला इथे दिसतो. ‘ऑम्फलॉस’ हा मोजून काढलेला मध्य नव्हे. एखाद्या समाजाने आपल्या जगाचा मध्य म्हणून मानलेली, खूण करून ठेवलेली आणि श्रद्धेने राखलेली जागा म्हणजे ‘ऑम्फलॉस’. म्हणूनच एकाच पृथ्वीला अनेक बेंब्या असू शकतात. यहुद्यांच्या धर्मग्रंथातील यहेज्केलच्या पुस्तकात, 38व्या अध्यायात, पृथ्वीच्या बेंबीवर राहणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो आणि त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे नेमका ‘ऑम्फलॉस’ हा शब्द योजला आहे. पुढे जेरुसलेममधल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्येही जगाच्या मध्याची खूण मांडली गेली. आपल्याकडे उज्जयिनीला पृथ्वीची नाभी मानण्याची परंपरा आहे, आणि ओडिशातल्या जाजपूरला नाभिगया म्हणतात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164व्या सूक्तात तर हा प्रश्नच विचारला आहे की, भुवनाची नाभी कुठे आहे ते सांग; आणि लगेच पुढच्या ऋचेत उत्तर येते, ‘अयं यज्ञो भुवनस्य नाभिः’. हे उत्तर देणाऱ्याने नकाशावर बोट ठेवलेले नाही, चालू असलेल्या यज्ञावर ठेवले आहे.

आता व्युत्पत्ती. संस्कृत ‘नाभि’, ग्रीक ‘ऑम्फलॉस’, लॅटिन ‘अम्बिलिकस’, इंग्रजी ‘नेव्हल’, जर्मन ‘नाबेल’ आणि फारसी ‘नाफ’ हे सगळे शब्द एकाच प्राचीन भारत-युरोपीय मुळापासून, म्हणजे या भाषांच्या समान पूर्वज भाषेतून, निघालेले आहेत. संस्कृतात ‘सनाभि’ म्हणजे एका नाभीचे, अर्थात रक्ताच्या नात्याचे. हे शब्द त्या अर्थाने परस्परांचे सनाभि आहेत. यातल्या कुणी कुणाकडून शब्द घेतलेला नाही, प्रत्येकाला तो घरचा वारसा म्हणून मिळाला आहे. ‘ऑम्फलॉस’ आणि ‘नाभि’ वरवर ऐकताना इतके वेगळे वाटतात की हे नाते अनेकांना पटत नाही, त्यामुळे ते थोडे उकलून दाखवतो.

शब्दाच्या मधल्या व्यंजनापासून सुरुवात करू. मूळ भाषेतला ‘भ’ संस्कृताने तसाच राखला, ग्रीकांनी त्याचा ‘फ’ केला, आणि प्राचीन ग्रीक ‘फ’ हा ओठ मिटून उच्चारायचा, आपल्या ‘फळ’मधल्या ‘फ’सारखा होता; लॅटिनमध्ये शब्दाच्या मधोमध त्या मूळ ‘भ’चा ‘ब’ झाला. हा फरक एकाच शब्दापुरता नाही. संस्कृत ‘नभस्’ म्हणजे ढग, धुके, आकाश. त्याचा ग्रीक भाऊबंद ‘नेफॉस’, लॅटिन ‘नेब्युला’ आणि जर्मन ‘नेबेल’. भ, फ, ब ही तीच रांग इथेही उभी आहे. आरंभीच्या ‘ना’ आणि ‘ऑम्’ यांचा उलगडा ‘नख’ या शब्दाने होतो. संस्कृत ‘नख’, ग्रीक ‘ओनिक्स’, लॅटिन ‘उंग्विस’, इंग्रजी ‘नेल’, अशी ही मालिका ‘नाभि’, ‘ऑम्फलॉस’, ‘अम्बिलिकस’, ‘नेव्हल’ या मालिकेशेजारी ठेवली की साचा एकच असल्याचे लगेच ध्यानात येते : संस्कृत आणि इंग्रजीत शब्द ‘न’ने सुरू होतो, तर ग्रीक आणि लॅटिनमध्ये स्वर पुढे येतो आणि ‘न’ मागे जातो. मागे गेलेल्या त्या ‘न’पुढे ओठांनी उच्चारायचे व्यंजन आले की त्याचा ‘म’ होतो, जसा आपण ‘संभव’ किंवा ‘कुंभ’ म्हणताना अनुस्वाराचा उच्चार नकळत ‘म’ करतो. ‘ऑम्फलॉस’मधला ‘म’ असा आलेला आहे. तेव्हा त्यात ‘ॐ’ नाही आणि ‘फल’ही नाही, शेवटचा ‘ल’ हा प्रत्ययाचा भाग असून तो लॅटिन ‘अम्बिलिकस’ आणि इंग्रजी ‘नेव्हल’ यांतही आहे. ‘ॐ’शी जोडलेली व्युत्पत्ती ऐकायला गोड वाटते, पण ती मान्य करायची तर ‘नाभि’शी असलेले खरे आणि सिद्ध नाते सोडून द्यावे लागते, आणि तो तोटा मोठा आहे. अवयवांची नावे भाषांत चिवटपणे टिकून राहतात. ज्या ‘नासिका’ शब्दावरून आपल्या शहराचे नाव आल्याचे शूर्पणखेच्या कथेआधारे सांगितले जाते, तो ‘नासिका’ आणि इंग्रजी ‘नोज’ हेही असेच एका घरचे आहेत.

या घराण्यातला आणखी एक इंग्रजी शब्द मध्यस्थानाच्या संदर्भात जाणून घेण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘नेव्ह’. याचा अर्थ चाकाचा मधला भाग, ज्याला आपल्याकडे बैलगाडीच्या चाकात तुंबा म्हणतात. गाडीचे चाक जवळून पाहिले असेल तर आठवेल : सगळ्या आऱ्यांची एकेक टोके तुंब्यात ठोकलेली असतात, तुंब्याच्या आरपार आसासाठी भोक असते, आणि घेरावर लोखंडी धाव चढवलेली असते. संस्कृतातही ‘नाभि’ म्हणजे चाकाचा तुंबा, आणि ‘अरा इव रथनाभौ’, रथाच्या तुंब्यात आरे बसवावेत तसे, हा दृष्टांत उपनिषदांत एकाहून अधिक ठिकाणी आला आहे. जुन्या इंग्रजीत या तुंब्याला ‘नाफु’ म्हणत आणि त्याला भोक पाडण्याच्या हत्याराला ‘नाफुगार’, म्हणजे तुंब्याचा भाला. त्याचे रूप पुढे झिजत गेले, त्याआधी येणाऱ्या ‘अ’ या उपपदाने शब्दाचा पहिला ‘न’ ओढून घेतला, आणि ‘अ नॉगर’चे ‘अन् ऑगर’ झाले. आज सुतारकामातल्या मोठ्या गिरमिटाला इंग्रजीत ‘ऑगर’ म्हणतात, तेव्हा त्यातली नाभी पूर्ण दिसेनाशी झालेली असते. चर्चच्या मुख्य दालनालाही ‘नेव्ह’ म्हणतात खरे, पण तो शब्द निराळा; तो लॅटिन ‘नाव्हिस’, म्हणजे आपली ‘नाव’, यावरून आलेला मानतात. मध्यभागी असते म्हणून त्या दालनाला ‘नेव्ह’ म्हणतात असे कुठे वाचलेत तर ते मान्य करू नका.

‘केंद्र’ लिहून भागेल का, या प्रश्नाकडे आता येऊ. मराठी वाचकाला ‘केंद्र’ हा शब्द अस्सल संस्कृत आणि ‘ऑम्फलॉस’ हा परका वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. ‘केंद्र’ हा ग्रीक ‘केंट्रॉन’चा संस्कृतात आलेला अवतार असून तो ग्रीक ज्योतिषाबरोबर भारतात आला. ‘केंट्रॉन’ म्हणजे टोकदार वस्तू, जनावर हाकायची पराणी, नांगी, आणि त्यावरून कंपासाचे कागदात रुतणारे टोक. इंग्रजीतला ‘सेंटर’ही लॅटिन आणि फ्रेंच वाटेने त्याच ‘केंट्रॉन’पासून आला, म्हणजे ‘सेंटर’ आणि ‘केंद्र’ हा एकच ग्रीक शब्द दोन दिशांनी आपल्यापर्यंत पोचला आहे. कुंडली पाहणाऱ्यांना याचा पुरावा रोज समोर दिसतो : पत्रिकेत पहिले, चौथे, सातवे आणि दहावे अशी चार केंद्रस्थाने असतात, आणि मध्यबिंदू चार कसे, हे कोडे ‘केंद्र’चा अर्थ ‘मध्य’ एवढाच धरला तर सुटत नाही. ग्रीक ज्योतिषात या चार बिंदूंना ‘केंट्रा’ म्हणत, तेच नाव इथे आले. पत्रिकेतल्या उरलेल्या स्थानांची ‘पणफर’ आणि ‘आपोक्लिम’ ही नावेही ग्रीकच. तेव्हा ‘ऑम्फलॉस’चे भाषांतर ‘केंद्र’ असे करणे म्हणजे एका ग्रीक शब्दाच्या जागी दुसरा ग्रीक शब्द ठेवणे होय, आणि तोही कंपासाच्या टोकाचा, मोजून ठरवलेल्या मध्याचा. अर्थाचा ओलावा तिथे निघून जातो.

‘नाभी’ हा शब्द रक्ताच्या नात्याने जवळचा आहे आणि मी बहुतेक वेळा तोच पसंत करतो, पण एक सावधगिरी बाळगून. आपल्या शालेय विज्ञानात भिंगाच्या आणि आरशाच्या धड्यांत ‘मुख्य नाभी’ आणि ‘नाभीय अंतर’ हे शब्द येतात, ते इंग्रजी ‘फोकस’साठी. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने 1604 मध्ये प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात ‘फोकस’ ही संज्ञा वापरली. लॅटिनमध्ये तिचा अर्थ चूल. लंबवर्तुळाला अशा दोन नाभी असतात आणि सूर्य ग्रहकक्षेच्या एका नाभीवर असतो, मध्यावर नसतो. म्हणून मजकूर खगोलशास्त्राचा किंवा भूमितीचा असेल तर मध्यासाठी ‘नाभी’ लिहू नये, वाचकाला ती दुसरीच गोष्ट वाटेल. इतिहास, धर्म, प्रवास आणि साहित्य या प्रांतांत मात्र ‘नाभिस्थान’ उत्तम चालतो, आणि प्रत्यक्ष दगड अभिप्रेत असेल तिथे ‘नाभिशिला’ लिहावे.

इंग्रजीत हा शब्द कसा वापरला जातो तेही पाहिले पाहिजे. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने 1857 साली याच नावाचा ग्रंथ लिहिला. आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमला बेंबी होती का, हा प्रश्न घेऊन सृष्टी निर्माण होतानाच तिच्यावर भूतकाळाच्या खुणा होत्या, असे त्याचे प्रतिपादन होते. आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या 1922 सालच्या ‘युलिसिस’ या कादंबरीत डब्लिनजवळच्या ज्या मनोऱ्यात पात्रे राहतात त्याला ‘ऑम्फलॉस’ म्हटले आहे. आयरिश कवी शेमस हीनीने आपल्या बालपणाच्या शेतघराविषयी लिहिताना मागच्या दाराशी असलेल्या पाण्याच्या हातपंपाच्या आवाजात हा शब्द ऐकला. या शेवटच्या वापरात ‘ऑम्फलॉस’ म्हणजे माणसाचे पोषण जिथून झाले ती जागा. मराठी माणूस हे सांगायला वेगळा शब्द वापरतो : ‘माझी नाळ इथे पुरली आहे.’ कुणाच्या गावाविषयी, वाड्याविषयी किंवा विहिरीविषयी इंग्रजीत ‘ऑम्फलॉस’ आले तर मी निःशंकपणे नाळेचा वाक्प्रचार वापरतो, कारण मूळ शब्दातले शरीराचे भान त्यातच शाबूत राहते. डॉक्टरांच्या भाषेत हा शब्द आजही बेंबीच्याच अर्थाने जिवंत आहे; नवजात बाळाच्या बेंबीला होणाऱ्या जंतुसंसर्गाला ‘ऑम्फलायटिस’ म्हणतात, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच असल्यामुळे इथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ‘ऑम्फलॉस’पेक्षा तो शब्द आधी भेटत असावा. बेंबीकडे पाहत ध्यान करण्याला ‘ऑम्फलोस्केप्सिस’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो बहुधा निष्फळ आत्ममग्नतेवर टीका करण्यासाठी वापरतात, म्हणून त्याच्या अनुवादात ‘नाभिध्यान’ असे आदराचे रूप देऊ नये.

रस्त्यांचा मध्य आणि ‘ऑम्फलॉस’ यांत रोमन लोकांनी स्वतःच फरक केला होता. सम्राट ऑगस्टसने इसवी सनपूर्व 20 मध्ये रोमच्या फोरममध्ये, म्हणजे नगराच्या मुख्य चौकात, सोनेरी मैलखांब उभारला, साम्राज्याच्या रस्त्यांचा आरंभबिंदू म्हणून. आणि नगराची बेंबी मानली गेलेली ‘अम्बिलिकस उर्बिस’ ही वास्तू त्याच फोरममध्ये वेगळी होती. नागपूरचा झीरो माइल हा पहिल्या जातीचा, सर्वेक्षणाचा दगड. नाशिकमध्ये सीबीएस हे मध्यवर्ती बसस्थानक नावाप्रमाणे मध्यवर्ती आहे, पण त्याला ‘ऑम्फलॉस’ म्हणणे शब्दाचा दुरुपयोग ठरेल. ब्रह्मगिरीला किंवा त्र्यंबकच्या कुशावर्तालाही तो शब्द लावू नये. तिथे गोदावरीच्या उगमाचे माहात्म्य आहे, आणि उगम व नाभी या दोन भिन्न कल्पना आहेत. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यातल्या लिंगाशी डेल्फीच्या शिळेचे आकारावरून नाते जोडणारेही भेटतात. त्र्यंबकेश्वराचे लिंग वर आलेले नसून तिथे खोलगट जागेत तीन लहान उंचवटे आहेत, आणि त्याचा अर्थ ब्रह्मा, विष्णू, महेश असा आहे, पृथ्वीच्या मध्याशी त्याचा संबंध नाही.

रामकुंडाचे मात्र वेगळे आहे, आणि मूळ इंग्रजी लेखकाने शब्द विचारपूर्वक निवडला असावा असे माझे मत आहे. नकाशा पाहिला तर रामकुंड पंचवटीच्या मधोमध नाही. ते नदीच्या पात्रात, म्हणजे पंचवटीच्या एका कडेला आहे. तरीही अस्थिविसर्जन असो, दशक्रिया असो किंवा सिंहस्थातले स्नान असो, पंचवटीत येणाऱ्याची पावले प्रथम तिकडेच वळतात, आणि भोवतालची देवळे, धर्मशाळा, भटजींची घरे आणि पूजासाहित्याची दुकाने त्या एका कुंडाच्या आधाराने उभी राहिलेली आहेत. मोजमापाने कडेला आणि श्रद्धेने मध्यात असलेली जागा, हा ‘ऑम्फलॉस’चा नेमका अर्थ आहे. म्हणून ‘रामकुंड पंचवटीच्या केंद्रस्थानी आहे’ असा अनुवाद करू नये, कारण वाचक तो भौगोलिक अर्थाने घेईल आणि ते खरे नाही. ‘रामकुंड ही पंचवटीची नाभी आहे’ असे सरळ लिहावे. पुढच्या वाक्यात मूळ लेखक डेल्फीचा उल्लेख करत असेल तरच ग्रीक शब्द देवनागरीत ठेवावा आणि त्याला ‘डेल्फीची नाभिशिला’ एवढी जोड द्यावी. तसा उल्लेख नसेल तर ‘ऑम्फलॉस’ मराठी वाक्यात आणण्याचे कारण नाही. इंग्रजीत उच्चार करताना जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि अनेकवचन ‘ऑम्फलॉय’ असे ग्रीक वळणाचे होते. मूळ मजकुरात पुढे नाशिकच्या इतर कुंडांनाही मिळून हे अनेकवचन लावलेले असेल, तर तिथे ‘नाभी’ न लिहिता ‘तीर्थस्थाने’ लिहावे, कारण एका पंचवटीला अनेक नाभी असल्याचे मराठी वाचकाच्या कानाला रुचणार नाही.